पुणे ते लोणार, परत येताना नांदूर मध्यमेश्वर: पाणथळी आणि अभयारण्यांची सहा दिवसांची सहल कशी आखाल?

पहिल्यांदा ही फेरी केली तेव्हा हाताशी फक्त नकाशा आणि सुट्टीच्या तारखा होत्या. नोव्हेंबरच्या मध्यात उजनी धरणाच्या काठच्या भिगवणला पोचलो. मुलाने रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची चित्रं काढून वही भरवून आणली होती. समोर मात्र नजर जाईल तिथवर काठोकाठ पाणी, आणि रोहित एकही नाही. नावाडीकाकांनी सरळ सांगितलं, "ताई, पाणी उतरल्याशिवाय ते येत नाहीत. त्यांना गुडघाभर पाणी लागतं, इथं पुरुषभर आहे."

त्यांचं ते वाक्य धरूनच पुढच्या वर्षी जानेवारीच्या शेवटी आम्ही पुन्हा निघालो: मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांची आई. सहा दिवस, पाच मुक्काम, हजार-अकराशे किलोमीटर. त्या दोन फेऱ्यांत जे उमगलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. सुरुवात पुण्याहून धरली आहे. मुंबई-नाशिकची मंडळी हीच फेरी नांदूर मध्यमेश्वरपासून उलटी करू शकतात.

१. आधी पाणी बघा, मग तारखा ठरवा

या वाटेवरचे तीन जलाशय म्हणजे उजनी, जायकवाडीचा नाथसागर आणि नांदूर मध्यमेश्वर. तिन्ही माणसाने बांधलेले आहेत. पावसाळ्यात ते भरतात आणि पुढे शेतीसाठी पाणी सोडलं जातं तसे उतरत जातात. पाणी उतरलं की काठचा गाळ उघडा पडतो. त्या गाळात शेवाळ, किडे, शंख-शिंपले असतात आणि लांब पायांचे पक्षी त्यासाठीच येतात. बदकांना मात्र थोडं खोल पाणी चालतं, म्हणून ती आधी येतात आणि आधी परततात.

हिशेब साधारण असा आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाणी भरपूर, बदकं यायला लागलेली, रोहित तुरळक. मार्च-एप्रिलमध्ये रोहित भरपूर, पण बदकं बरीचशी गेलेली आणि ऊन सोसवत नाही. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य या काळात दोन्ही मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त. फार पाऊस झालेल्या वर्षी हे सगळं दोन-तीन आठवडे पुढे सरकतं.

धरणांच्या पाणीसाठ्याची टक्केवारी वर्तमानपत्रांत येत असते. निघण्याआधी महिनाभर उजनीचा आकडा बघत राहा. तो ठळकपणे उतरायला लागला की मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून एकच प्रश्न विचारा: "काठ उघडा पडलाय का?" पक्षी आहेत का, हे विचारू नका. त्या प्रश्नाला सगळीकडून "आहेत की!" हेच उत्तर येतं. नांदूर मध्यमेश्वरसाठी कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, कधी आहे तेही विचारून घ्या. आवर्तन सुरू झालं की पाण्याची पातळी बदलते आणि पक्षी जागा बदलतात.

२. कागदपत्रं आणि सामान

गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना मोबाइलमध्ये असतातच. आम्ही छापील प्रतीही ठेवल्या होत्या. प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार किंवा दुसरं ओळखपत्र जवळ असू द्या, मुक्कामाला आणि वनखात्याच्या गेटवर लागतं. फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम हवी, परतीच्या दिवशी समृद्धी महामार्गाचा टोल मोठा असतो. गेटवर प्रवेशाची आणि कॅमेऱ्याची पावती वेगवेगळी फाडतात, कुठे यूपीआय चालतं, कुठे रेंजच नसते. म्हणून सुटे पैसे ठेवा. ड्रोन घरीच राहू द्या, परवानगीशिवाय तो अभयारण्यात उडवता येत नाही.

सामानात दुर्बीण सर्वांत महत्त्वाची. ८×४२ ची पुरते, त्याहून जास्त मोठं दाखवणारी हातात स्थिर राहत नाही. दोघांत एक असली तरी चालेल, चौघांत एक असली तर भांडणं होतात. मातकट, फिक्या हिरव्या रंगाचे कपडे, टोपी, चिखलात चालतील असे बूट, मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेला नकाशा, पंक्चर काढायचं साहित्य, टायरात हवा भरायचा छोटा पंप, टॉर्च, पाण्याचा पाच लिटरचा कॅन. आणि स्वेटर. "महाराष्ट्रात कसली थंडी" म्हणून कुणी हसलं तर त्यांना निफाडचा पारा सांगा. हिवाळ्यात राज्यातल्या सर्वांत कमी तापमानाच्या बातम्या बहुतेक तिथल्याच असतात आणि आपण तिथे पहाटे उघड्यावर उभे राहणार आहोत.

३. गाडी चालवण्याचा एकच नियम: दिवस मावळायच्या आत मुक्कामी

हा नियम मी हट्टाने सांगते. पक्ष्यांचा हंगाम आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम एकाच वेळी असतो. इंदापूर, कर्जत, शेवगाव, पैठण, निफाड हा सगळा ऊसपट्टा. अंधार पडला की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या असतात, त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा काय, रिफ्लेक्टरही नसतो. पहिल्या फेरीत शेवगावच्या अलीकडे समोरच्या गाडीच्या उजेडाने डोळे दिपले आणि पुढची ट्रॉली आम्हाला दहा-बारा फुटांवर दिसली. त्यानंतर आई रात्रभर झोपली नाही.

म्हणून दिवसाला दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त आखू नका. अपवाद फक्त पाचव्या दिवसाचा, कारण तेव्हा समृद्धी महामार्ग आहे. पक्षी सूर्योदयानंतरचे तीन तास आणि मावळतीआधीचे दोन तास दिसतात, प्रवास मधल्या वेळात करायचा. नकाशा एखादा आडरस्ता "दहा मिनिटं जवळचा" म्हणून दाखवेल. धरणाच्या फुगवट्याजवळ, म्हणजे भिंतीमागे पसरलेल्या पाण्याजवळ, असे रस्ते कधी कधी थेट पाण्यात जाऊन संपतात. गावात विचारूनच वळा.

४. पहिला दिवस: सुप्याचे चिंकारे, संध्याकाळी कुंभारगाव

पुण्याहून साडेपाचला निघा. सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत यायचं आणि उजवीकडे सुप्याकडे वळायचं. चहा-नाश्ता चौफुल्याला उरकून घ्या, पुढे लवकर काही मिळत नाही.

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे. १९९७ साली ते जाहीर झालं. नाव ऐकून दाट झाडी डोळ्यांसमोर आणू नका. हा माळ आहे: खुरटं गवत, बाभळी आणि चिंकारे. चिंकारा तपकिरी मातीत इतका मिसळून जातो की प्रथम हलणारी शेपटी दिसते आणि मग हरीण. गाडी हळू चालवा, दिसला की इंजिन बंद करा आणि खाली उतरू नका. चंडोल आणि धाविक हे माळावरचे पक्षी गाडीच्या खिडकीतूनच बघायला मिळतात. दोन तास पुरतात. आईला मोरगावचं दर्शन घ्यायचं होतं, ते इथून अगदी जवळ. अभयारण्याला नाव त्याच मयूरेश्वरावरून मिळालं आहे.

तिथून पाटसमार्गे पुन्हा सोलापूर रस्त्याला लागून दुपारपर्यंत भिगवण. मुक्काम भिगवण गावात न करता कुंभारगावात किंवा डिकसळच्या बाजूला करा, म्हणजे पहाटे पाण्यापर्यंत चालत जाता येतं. गावातल्या घरांत राहायची-जेवायची सोय होते. उजनीतली चिलापी तव्यावर भाजून मिळते, सोबत ज्वारीची भाकरी. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

५. दुसरा दिवस: उजनीच्या पाण्यावर

या सहलीतली सर्वांत सुंदर सकाळ हीच, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. म्हणून जरा सविस्तर सांगते.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. भीमेच्या काठची किती तरी गावं त्यात गेली. पाणी खूप उतरलं की पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर आणि मग देऊळच वर येतं. आज तुम्हाला होडीतून नेणाऱ्यांपैकी काहींच्या घरांनी ती बुडिताची वर्षं पाहिलेली आहेत. वाटेत त्यांना जुन्या गावाबद्दल विचारा. आमच्या नावाडीकाकांनी काठीने पाण्यात एक जागा दाखवली, म्हणाले, "आमची शाळा इथं." मुलगा परतेपर्यंत त्या जागेकडे वळून वळून बघत होता.

होडी आदल्या संध्याकाळीच ठरवा आणि चार गोष्टी तेव्हाच बोलून घ्या.

पहिली म्हणजे वेळ. उजाडताना काठावर हजर राहायचं. नऊनंतर वारा सुटतो, पाणी हलतं आणि पक्षी आत सरकतात.

दुसरी म्हणजे लाइफ जॅकेट, प्रत्येकाच्या अंगावर, बक्कल लावलेलं. "पाणी उथळ आहे" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. मे २०२४ मध्ये याच उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. हिवाळ्यात तसा वारा सहसा नसतो, पण आभाळ भरलं असेल किंवा वारा वाढत असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका. काठावरूनही भरपूर दिसतं.

तिसरी म्हणजे अंतर. थव्यापासून लांब असतानाच इंजिन बंद करायचं आणि पुढे काठीने किंवा वल्ह्याने जायचं, हे स्पष्ट सांगा. बरेच पर्यटक उडणाऱ्या थव्याचा फोटो हवा म्हणून होडी थव्यात घालायला लावतात. नावाडी बिचारे बक्षिसाच्या आशेने ऐकतात. पक्ष्याला एकदा उठवलं की त्याची खाण्याची वेळ आणि अंगातली ताकद दोन्ही वाया जातात. पट्टकादंब हे पक्षी हिमालय ओलांडून आलेले असतात आणि त्यांना परतही जायचं असतं. आम्ही काकांना म्हटलं, "लांबूनच दाखवा, जादा पैसे आम्ही त्याचेच देऊ." त्यांना ते मनापासून आवडलं. मग अर्धा तास होडी स्थिर ठेवून ते एकेक पक्षी दाखवत राहिले.

चौथी गोष्ट, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत.

जानेवारीअखेर आम्हाला दिसलेले पक्षी: रोहितांचे दोन मोठे थवे, पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, चमचे, चित्रबलाक, शेकाटे आणि पाण्यावर घिरट्या घालणारे नदी सुरय. कैकर हा शिकारी पक्षी मासा पकडून उडाला तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला होता.

दहापर्यंत परत या, जेवून निघा. राशीनमार्गे कर्जत दीड तासावर आहे. अष्टविनायकांतलं सिद्धटेकही याच तालुक्यात, वेळ असेल तर वाकडी वाट करता येते.

६. संध्याकाळी रेहेकुरी

कर्जतजवळचं रेहेकुरी हे काळविटांचं अभयारण्य, क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर, १९८० सालचं. साडेतीन-चारला पोचा आणि वनरक्षकांच्या सूचनेप्रमाणेच फिरा. नर काळे-पांढरे, पिळदार शिंगांचे असतात, माद्या बदामी. दीड तास भरपूर झाला. मुक्काम कर्जतला. खोल्या साध्या असतात, पण अंधारात अहिल्यानगर गाठण्यापेक्षा ते बरं.

७. तिसरा दिवस: नाथसागर

कर्जत–अहिल्यानगर–शेवगाव–पैठण. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आत आहे, पण शेवगावच्या पुढे वेग मिळत नाही. सकाळी आरामात निघून दुपारी तीनपर्यंत पाण्याजवळ पोचणं पुरेसं.

जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झालं आणि १९८६ साली या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. विस्तार ३४१ चौरस किलोमीटर. नवख्या माणसाची फसगत इथे होते, कारण बहुतेक जण पैठणला जाऊन धरणाच्या भिंतीपाशी उभे राहतात आणि समुद्रासारखं पाणी बघून परततात. पक्षी भिंतीपाशी नसतात, ते फुगवट्याच्या उथळ टोकांना असतात. शेवगावकडून येताना एरंडगावची बाजू आणि पैठणकडची सोनेवाडीची बाजू बघा. रस्ते शेतांमधून जातात. गाडी गावात ठेवा, शेतमालकाला विचारा आणि बांधावरून चाला. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात हरभरा-गहू (गाळपेरा) पाण्यापर्यंत पेरलेला असतो, त्यात पाय पडू देऊ नका. आणि ओल्या गाळावर गाडी कधीही घालू नका. वरून पापुद्रा वाळलेला दिसतो, खाली चिखल असतो. आमचं पुढचं चाक रुतलं होतं. दोन शेतकरी भावांनी ट्रॅक्टर लावून ते काढलं आणि पैसे घ्यायला नकार दिला.

संध्याकाळी भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून खालून खालून उडत जातो आणि वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचे काळे थवे एकदम पाण्यात दडतात, ते पाहून घ्या. मुक्काम पैठणला. रात्री किंवा सकाळी नाथांच्या समाधीला जाता येतं.

८. चौथा दिवस: पैठण ते लोणार

सकाळचे दोन तास पुन्हा पाण्यावर, मग अंबड–जालना–मंठा या वाटेने लोणार. पल्ला लांब आहे, नऊला निघालं तर उजेडात पोचता येतं. जालन्यात जेवून घ्या. लोणारची खोली मात्र पुण्यातूनच राखून ठेवा. गावात पर्याय मोजके आहेत आणि शनिवार-रविवारी मिळत नाहीत. आपल्या वेळापत्रकात लोणार आठवड्याच्या मधल्या दिवशी येईल असं बघा.

पोचल्यावर उजेड असेल तर दैत्यसूदनाचं देऊळ त्याच संध्याकाळी बघून टाका. कोरीवकामाला तिरपं ऊन हवं असतं.

९. पाचवा दिवस: विवरात उतरताना

लोणारला इतर तलावांच्या हिशेबाने जाऊ नका. काळ्या बसाल्ट खडकावर अंतराळातून आलेला पाषाण आदळून हे विवर झालं. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. तळाचं पाणी खारं आणि कमालीचं अल्कधर्मी आहे. त्यात मासे सहसा जगत नाहीत, पण सूक्ष्म जीव भरभरून जगतात. जून २०२० मध्ये पाणी एकाएकी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचं कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे रंगद्रव्ययुक्त सूक्ष्मजीव असल्याचं दिसलं. एरवी ते हिरवट असतं. गुलाबी पाणी बघायच्या आशेने येऊ नका, मुलांना तर आधीच सांगून ठेवा.

गंमत अशी की याच विवराच्या उतारावर गोड्या पाण्याची बारमाही धार आहे. गोमुखाची धार गोडी आणि चार पावलं खाली तळं खारं, हे मुलाला सर्वांत आश्चर्याचं वाटलं.

उतरायचं असेल तर साडेसहा-सातला सुरुवात करा. पायऱ्या आणि पायवाट मिळून उतार सोपा वाटतो, चढताना मात्र दम लागतो. तीन-साडेतीन तास धरा. माणशी दीड लिटर पाणी न्या, एकट्याने जाऊ नका, माकडांसमोर खाऊ काढू नका आणि तळ्याचं पाणी तोंडात घेऊ नका. खालच्या पडक्या देवळांच्या दगडांवर चढू नका. पाणी वाढलेलं असेल तर काठाची वाट बंद असू शकते. अशा वेळी जिथवर सोडतील तिथूनच परता. स्थानिक वाटाड्या जरूर घ्या, कारण देवळं, खडक, झाडं यांतलं पुष्कळ काही आपल्या एकट्याच्या नजरेतून सुटतं.

गुडघे दुखणाऱ्या, हृदयाचा त्रास असलेल्या माणसांनी काठावरूनच बघावं. आई काठावर बसली होती. वर आलो तेव्हा तिनेच आम्हाला तीन तासांत तळ्याचे रंग कसे बदलत गेले ते सांगितलं.

साडेबारापर्यंत निघा. मेहकरला समृद्धी महामार्गावर चढायचं आणि शिर्डीच्या इंटरचेंजला उतरायचं, अंतर सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर. चढण्याआधी टायरची हवा तपासा आणि टाकी भरा. टायर घासलेले असतील तर या रस्त्याला लागूच नका. मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे. रस्ता इतका सरळ आणि सारखा की जेवल्यावर डोळा लागतो, म्हणून चालक बदला किंवा दर तासाला थांब्यावर उतरून चाला. दुचाकीला इथे परवानगी नाही. मोटारसायकलवाल्यांनी सिंदखेडराजा–जालना–छत्रपती संभाजीनगर हा रस्ता धरावा आणि एक दिवस वाढवावा. मुक्काम शक्यतो निफाडला. शिर्डीत खोल्या मुबलक आहेत, पण पहाटे अंधारात उसाच्या ट्रॉल्यांमधून यावं लागतं.

१०. सहावा दिवस: नांदूर मध्यमेश्वर

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर ब्रिटिश काळात बंधारा बांधला गेला. नद्यांनी आणलेला गाळ त्यामागे साचत गेला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि शेतीच्या पाण्यासाठी केलेल्या बांधकामातून पक्ष्यांचं नंदनवन तयार झालं. १९८६ मध्ये अभयारण्य, आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. त्याच वर्षी पुढे लोणारही त्या यादीत आलं. म्हणजे या फेरीत राज्यातली पहिली दोन रामसर स्थळं होतात.

चापडगावच्या गेटवर पावती घ्या आणि गाइड नक्की घ्या. त्यांच्याकडे तिवईवरची मोठी दुर्बीण असते आणि आज कोणता पक्षी कुठे आहे ते त्यांना ठाऊक असतं. मनोऱ्यावर गर्दी करण्यापेक्षा काठच्या पायवाटेने सावकाश चाला. जांभळ्या पाणकोंबड्या पाणवनस्पतींवर अगदी जवळ येतात, हळदी-कुंकू बदकांच्या जोड्या असतात, कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि सूर मारतो. जानेवारीत धुकं असेल तर साडेआठपर्यंत काही दिसणार नाही. निघून जाऊ नका. आम्ही थांबलो, धुकं उठलं, आणि ज्याला मुलगा इतका वेळ "नुसता आवाज" म्हणत होता तो हजारभर बदकांचा थवा निघाला.

जखमी पक्षी किंवा प्राणी दिसला तर स्वतः उचलू नका, वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. अपघात किंवा इतर अडचणीत ११२.

साडेअकराच्या सुमारास निघून सिन्नर–संगमनेर–नारायणगाव करत संध्याकाळी पुणं गाठता येतं. हंगाम असेल तर निफाडमधून बाहेर पडताना द्राक्षांची पेटी थेट बागेतून घ्या, आणि ती मागच्या सीटवर ठेवा, डिकीत नको. आमची पहिली पेटी चिखलाच्या बुटांखाली गेली होती.